बांधाची यादी

चूक माझी होती, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते. नाहीतर पुढे वाचताना तुम्ही कारकुनाला शिव्या घालाल, सरकारला घालाल, आणि मीही तुमच्या सुरात सूर मिसळून मोकळी होईन. तसं मोकळं व्हायची मला सवय आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी पत्रकं लिहिते. वर ठळक अक्षरात प्रश्न, खाली मागण्या, शेवटी नुसतं ‘आपले’. ‘आपले नम्र’ मी कधीच लिहिलं नाही. नम्र कशाला व्हायचं?

मी राहते वरसे गावात, रोह्याला लागून. बाबा कंपनीत शिफ्टला जातात. मी कायद्याचं शिकते आणि उरलेल्या वेळात कुणाच्या ना कुणाच्या प्रश्नावर सह्या गोळा करते. माझी आत्या पेणच्या खाडीकडच्या एका गावात दिलेली. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, ती हमरापूरला दिली. ती सासरच्या कारखान्यात गणपतींचे डोळे रंगवते, आणि सगळा पावसाळाभर तिला मान वर करायला फुरसत नसते. आत्याकडे उरलं एक शेत. खाडीच्या बांधाला लागून, भाताचं. ते आपल्यामागे पोरीला मिळावं, एवढीच तिची इच्छा. दुसरं काही मागताना मी तिला ऐकलेलं नाही.

त्या गावची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. खाडी आणि भात यांच्या मध्ये फक्त मातीचा एक बांध. तो फुटला, म्हणजे त्याला खांड पडली, की खारं पाणी आत येतं आणि मग पुढची काही वर्षं तिथे भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून गावाने नियम घातलेत. ज्याचं जेवढं शेत, तेवढी बांधाची लांबी त्याच्या अंगावर. त्याच्या तुकड्यात खांड पडली तर चिखलाची पहिली ढेप त्याने टाकायची. त्याने टाकली की अख्खा गाव धावतो. त्याने टाकली नाही तर दुसरा कोणी चिखलाला हात लावत नाही, कारण मग जो तो दुसऱ्याच्या जिवावर झोपा काढेल. बायका ढेपा वाहतात, पाण्यात उतरून रचायचं काम पुरुषांचं. (यावर मी एकदा पत्रक लिहिणार होते. आत्या म्हणाली, “लिव, नि उतर तू पयली उधानाच्या पान्यात.” मग नाही लिहिलं.)

ज्या घरात पाण्यात उतरणारा पुरुष नाही, त्या घराचा तुकडा दुसरा कोणी अंगावर घेतो. घेतला की गावच्या वहीत त्या तुकड्यापुढे त्याचं नाव लागतं. त्यात देणं-घेणं काही नाही. सोडायचा तर गावासमोर सांगून सोडायचा, आणि एकदा सांगून सोडला की परत घ्यायचा नाही. आत्याचा तुकडा तिच्या चुलत दिरांनी अंगावर घेतला होता. मी त्यांना काका म्हणते. शेत आत्या लावायची, भात आत्याच्या कणगीत जायचा, आणि बांधावर काका उभे राहायचे. साठी उलटलेला माणूस, अंगात भोकाचं बनियन, उधाणाच्या दुपारी छातीएवढ्या पाण्यात.

आता माझी चूक. बांध सरकारने पक्का बांधावा म्हणून आम्ही अर्ज करायचं ठरवलं. मसुदा अर्थातच माझा. मी लिहिलं की हा बांध म्हणजे अमुक इतक्या कुटुंबांच्या तोंडचा घास आहे, आणि सोबत ‘शेतकऱ्यांची यादी’ जोडली. यादी कुठून आणली? गावच्या वहीतून. जशीच्या तशी उतरवली, सुंदर टाइप केली, वर मथळा दिला, ‘शेतनिहाय कसणारे शेतकरी’. तो मथळा माझा. वहीवर मथळाच नव्हता, तिथल्या माणसांना त्याची गरज नव्हती. खाली सगळ्या गावाच्या सह्या घेतल्या. आत्याचा अंगठा मी स्वतः धरून उमटवला. तिने विचारलंही नाही काय लिहिलंय. भाचीने लिहिलंय म्हटल्यावर काय विचारायचं?

बांधाचं उत्तर आलं, की सदर काम योजनेत समाविष्ट नाही. अर्ज मात्र फाइलीत राहिला. सरकारात काम होत नाही, कागद मात्र राहतो.

पुढच्या वर्षी आत्याने शेत आपल्या नावावर करायला घेतलं. सातबारावर अजून आजेसासऱ्यांचं नाव. वाटण्या झालेल्या तोंडी, दोन पिढ्यांपूर्वी. त्यात रस्त्याच्या बाजूला दलालांच्या गाड्या थांबायला लागल्या होत्या, आणि काकांची दोन्ही मुलं, जी बांधाकडे कधी फिरकत नव्हती, ती त्या गाड्यांच्या बोनेटवर हात टेकून बोलत उभी दिसायची. मला भीती वाटली. मीच आत्याला म्हटलं, आता कागद कर.

पेणच्या कार्यालयात कारकुनाने फाइल उघडली आणि माझाच मथळा माझ्यासमोर धरला.

“मॅडम, कसणारा शेतकरी म्हणून इथे दुसऱ्याचं नाव आहे. आणि हा अर्जदार बाईंचाच अंगठा ना?”

“ती बांधाची यादी आहे. शेताची नाही.”

“तसं कुठे लिहिलंय?”

कुठेच लिहिलं नव्हतं.

त्याच सत्रात आम्हाला विधिशास्त्राचा पेपर होता. कायदा म्हणजे काय, यावर जगात किती पंथ आहेत आणि ते एकमेकांना कसे खोडून काढतात, हे रोहा-पेण एसटीच्या खिडकीशी बसून मी पाठ करत होते, आणि पेणला उतरले की प्रत्येक पंथ त्या कारकुनावर चालवून बघत होते. हे मी आज हसत लिहितेय असं कुणाला वाटेल. तेव्हा हसू येत नव्हतं. मला खरंच वाटायचं की यातला एक तरी दार उघडेल.

पहिल्यांदा मी निसर्गविधीवाले घेऊन गेले. माणसांनी केलेल्या कायद्याच्या वर एक न्याय असतो, बुद्धीला कळणारा, आणि त्याच्या विरुद्ध जाणारा कायदा हा कायदाच नव्हे, असं म्हणणारे लोक. मला ते मनापासून पटायचे. माझी निम्मी पत्रकं त्यांच्याच उधारीवर चालायची. मी म्हटलं, “एका बाईचं शेत एका मथळ्यामुळे जातंय, हा अन्याय तुम्हाला दिसत नाही?”

“दिसतोय ना,” कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, हीच अडचण होती. “पण नोंदीच्या रकान्यात काय लिहू? अन्याय दिसला, असं लिहू?”

दुसरा पंथ हुकूमवाल्यांचा. कायदा म्हणजे ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने घालून दिलेला नियम, मग तो चांगला असो की वाईट. चांगलं-वाईट हा वेगळा प्रश्न, तो कायद्यात कालवू नका. वर्गात मी यांच्यावर तुटून पडायचे. आमचे सर शांतपणे म्हणायचे, “अहो, यांनी अन्यायाला पाठिंबा दिलेला नाही. अन्याय्य कायद्याला अन्याय्य म्हणा, फक्त तो कायदा नाही असं म्हणून स्वतःची समजूत घालू नका, एवढंच ते सांगतात.” तेव्हा मी सरांना मनात प्रस्थापित म्हटलं. पेणच्या त्या बाकावर बसून बसून मला कळलं की सर बरोबर होते, आणि त्याने मला काडीचाही उपयोग झाला नाही.

मग इतिहासवाले सापडले आणि मी अक्षरशः सीटवरून उठले. कायदा वरून येत नाही, तो लोकांच्या वहिवाटीतून उगवतो, भाषेसारखा. कुणी बसून केलेला नसतो. हे तर आमच्या बांधाचंच वर्णन! मी तीन पानी म्हणणं लिहिलं. ‘सदर गावची परंपरागत रूढी’ असा शब्द वापरला. साहेबांनी, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांनी, ते खरंच वाचलं.

“रूढी मान्य होऊ शकते,” ते म्हणाले. “प्राचीन हवी, सतत हवी, निश्चित हवी. पुरावा आणा.”

मी वही आणली. शाळेची दोनशे पानी वही, कडा पाण्याने फुगलेल्या. साहेबांनी पानं उलटली. वर्षामागून वर्षं आत्याच्या तुकड्यापुढे काकांचं नाव. प्राचीन, सतत, निश्चित.

“ही तर तुमच्याच विरुद्ध जाते,” ते म्हणाले, आणि वही बंद करून माझ्याकडे सरकवली. मऊपणाने सरकवली. मला ते जास्त लागलं.

बाहेर कारकून चहा घेत उभा होता. म्हणाला, “वकिलीणबाई, चुकीच्या वेळी आलात. साहेब जेवून आले की जरा मोकळे असतात.” हाही एक पंथ आहे. कायदा पुस्तकात नसतो, निकाल देणारा माणूस प्रत्यक्ष काय करतो तोच कायदा, असं म्हणणारे वास्तववाले. त्या कारकुनाने एक पानही न वाचता मला त्यांचं सार सांगितलं होतं. मी दोनदा जेवणानंतर गेलेसुद्धा. एकदा साहेब मीटिंगला गेलेले, एकदा झोपाळलेले.

राहिले ते, जे म्हणतात की कायदा हे बळकटाचं हत्यार असतं आणि तटस्थपणा हा नुसता मुखवटा. हे माझे खरे आवडते. यांच्या जोरावर मी पाच मिनिटांत पत्रक लिहू शकते. बसलेही लिहायला. वर ठळक प्रश्न टाकला, ‘हे शेत कोणी गिळलं?’ आणि खाली नाव लिहायला हात थांबला. बळकट कोण होतं? काका? तो कारकून, जो मला चहा पाजत होता? मुलं अजून गाड्यांजवळ नुसती उभी होती, त्यांनी काही केलं नव्हतं. गिळायला तोंड दिलं होतं ते माझ्या यादीने. पत्रकाला शत्रू लागतो. मी कागद फाडला.

शेवटी साहेबांनीच वाट सांगितली. चुलत दिरांनी एवढं लिहून द्यावं की या क्षेत्राशी माझा संबंध नाही. मग नोंद होईल. साधी गोष्ट.

मी काकांकडे गेले. ते उघाडीपाशी, भरतीचं पाणी अडवणाऱ्या फळ्यांजवळ, जाळं झटकत होते.

“शेत वयनीचंच हाय,” ते म्हणाले. “कोन नाय बोलतंय?”

“मग तेवढं लिहून द्या.”

“शेत तिचं हाय, असा लिवतो.”

“तेवढ्याने होत नाही काका. तुमचा संबंध नाही, असं लिहावं लागेल.”

ते जाळं झटकायचे थांबले. “संबंद नाय कसा? बांद कोन घालतं?”

मी समजावलं. पाऊण तास समजावलं. कागदावरचं कागदावर, बांधावरचं बांधावर. ते प्रत्येक वाक्यानंतर ‘व्हय’ म्हणायचे आणि शेवटी परत तिथेच यायचे. घरी आले तर आत्या चुलीपुढून म्हणाली, “त्याला तसा लिवायला नको लावू गो. तो बांदावर हाय म्हनून मी हाय.”

“आणि उद्या तू नसलीस तर? तुझ्या पोरीला कोण देणार शेत? काकांची मुलं?”

आत्या गप्प झाली. मी तिला गप्प केलं, असं म्हणायला हवं. मला लोकांना गप्प करता येतं. मोहिमेत त्याला प्रबोधन म्हणतात. मी आठ दिवस दोघांच्या मागे लागले. गावचा नियम मला माहीत नव्हता असं नाही. पण तो मी ‘रूढी’ या शब्दात घालून अर्जात डकवून टाकला होता. मला तो पुरावा वाटत होता. तो कायदा आहे, हे डोक्यातच आलं नाही.

काका पेणला आले तेव्हा त्यांनी लग्नातला शर्ट घातला होता. आत्या सोबत होती. कारकुनाने कागद पुढे केला, “इथे सही करा, आजोबा.”

“वाचून दाखव गो,” काका मला म्हणाले.

मी वाचलं, “सदर क्षेत्राशी माझा व माझ्या वारसांचा कोणताही हक्क अथवा संबंध नाही व यापुढे राहणार नाही.”

“यापुडं पन नाय?”

“ती नुसती भाषा असते, काका.”

“सरकारात नुसती भाषा?” त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. तो हसला. काका हसले नाहीत. त्यांनी आत्याकडे पाहिलं. “वयनी, करू?”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने मान हलवली. काकांनी एकेक अक्षर कोरत सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

नोंद झाली. सातबारावर आत्याचं नाव आलं. मी त्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘लढा यशस्वी.’ कुणीतरी फटाक्यांची चित्रं पाठवली. हमरापूरहून आत्याची मुलगी फोनवर रडली.

काकांनी त्याच आठवड्यात गावासमोर वही मागितली आणि आत्याच्या तुकड्यापुढचं आपलं नाव खोडायला लावलं. हे मला कोणी कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं त्यात गावाला काही वाटलं नाही. माणसाने सरकारात लिहून दिलं, मग वहीत नाव कसं ठेवणार? दुसरं कोणी पुढे आलं नाही. बांधावर उतरणारी माणसं मोजकीच उरलीत. बाकीचे शिफ्टला.

श्रावणातल्या अमावास्येचं उधाण. दुपारी मी रोह्याला कुठल्याशा सभेची पत्रकं वाटत होते. आत्याचा फोन आला. “खांड पडली गो.” एवढंच. मी एसटी पकडली. वाटेत काकांना फोन लावला, तो वाजत राहिला.

पोचले तेव्हा भरती ओसरू लागली होती. आत्याच्या तुकड्यात बैलगाडी जाईल एवढं भगदाड होतं आणि आत गेलेलं पाणी त्यातूनच बाहेर ओढ घेत होतं. काका, आणखी चार-पाच माणसं, ढेपा रचून ठेवलेल्या, सगळे नुसते काठावर. कुणाच्या हाताला चिखल नाही.

“टाका ना!” मी ओरडले. “बघताय काय नुसते?”

“पयली ढेप कोनाची?” एक म्हातारा म्हणाला. रागाने नाही, विचारल्यासारखं.

“माझी!” मी चप्पल काढून उतरले, ढेप उचलली, टाकली. माझ्या टाकण्याने ती फुटली आणि पाण्याबरोबर गेली. दुसरी टाकली. तीही गेली. कुणी हसलं नाही, पुढेही आलं नाही; वहीत त्या तुकड्यापुढे माझं नाव नव्हतं. काका काठावर उकिडवे बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत घालून, आणि त्यांचे डोळे त्या भगदाडावरून हलत नव्हते.

“काका, तुम्ही घ्या ना परत! मी सांगते गावाला. मी लिहून देते.”

“तूच लिवलंस ना गो, यापुडं पन नाय म्हनून.” ते म्हणाले. “वयनीसाठी केला मी. आता परत घेतला तर त्या कागदाला काय अर्थ? तिचं नाव ऱ्हाईल का तितं?”

मी सांगू शकले असते की राहील. कायद्याने राहीलच. सांगितलंही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही मुलगी कागदावर एक लिहिते आणि तोंडाने दुसरंच सांगते, आता हिचं कोणतं धरायचं? आणि त्यांनी मी लिहिलेलं धरलं. माझ्यावर तेवढा विश्वास कोणी कधी ठेवला नव्हता.

पुढच्या भरतीला भगदाड दुप्पट झालं.

नंतर मी खूप धावले. पेणला अर्ज, रोह्याला सभा, पत्रक दोन्ही बाजूंनी. कारकून म्हणाला, “सातबारा क्लिअर आहे मॅडम, आमच्याकडून आता काही नाही.” वर्गात सरांना सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला. “तुमच्या आत्याच्या गावात नियम होता, तो कोणी ठरवायचा ते ठरलेलं होतं, मोडला तर काय होईल तेही ठरलेलं होतं, आणि लोक तो योग्य मानत होते. यातल्या कुठल्याही पंथाला तो कायदा म्हणायला फारसा त्रास झाला नसता.” मी विचारलं, मग मी काय करू? सर म्हणाले, ते विधिशास्त्राच्या कक्षेत येत नाही.

गावाने ठरवलं की आत्याचं शेत सोडायचं आणि त्याच्या अलीकडचा, काकांच्या शेताकडचा लहान बांध उंच करायचा. आता तोच खाडीचा बांध. आत्याचं शेत त्याच्या पलीकडे, पाण्यात. मी भाद्रपदात गेले तेव्हा काम चाललं होतं. घरटी एक माणूस. काका पाण्यात उभे राहून ढेपा रचत होते आणि बायकांची रांग त्यांच्यापर्यंत चिखल पोचवत होती. रांगेत आत्या होती. पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर घमेलं.

मी धावत जाऊन घमेलं धरलं. “तू कशाला आत्या? तुझंच शेत बाहेर टाकतायत ना हे!”

“घर हाय ना माजं गावात?” ती म्हणाली. “घरटी एक लागतं. सोड.”

मी सोडलं. ती पुढे गेली आणि काकांच्या हातात चिखल दिला. त्यांनी तो घेतला, बसवला, वर पाऊल देऊन दाबला, आणि पुढच्या घमेल्यासाठी हात पुढे केला.